तलवारीच्या पाटावरची हत्यारं

एकोणीसशे ब्याऐंशी साल, आणि मी छत्तीस वर्षांचा. छाती रुंद, मान ताठ, डोकं आडमुठं. छाती आता बनियनच्या आत कुठेतरी असेल. मान आणि डोकं मात्र जागच्या जागी आहेत.

दसरा जवळ आला की ते साल माझ्याकडे येतं. बोलवावं लागत नाही. म्हैसुरातला पाऊस तेव्हा जायला निघालेला असतो, पण उंबऱ्यात उभं राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा जात मात्र नाही. सकाळी ऊन, दुपारी ढग, चहाच्या वेळेला एक सर. बाजारात ओल्या गोणपाटावर शेवंतीचे ढीग, रस्त्याच्या कडेला कोहळे रचलेले, सायकलच्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे धुणं-पुसणं. आमचं घर बन्नीमंटपाजवळ. मैदानात पोलिसांच्या घोड्यांचा सराव चालतो, आणि सकाळी लीद, ओलं गवत आणि शेवंती मिळून जो वास खिडकीतून येतो तो माझ्या लेखी दसरा. रोषणाई तुम्ही बघा.

या वर्षी ते साल जरा लवकर आलं, ते नातीमुळे. सुप्रिया वरच्या खोलीत बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते, लॅपटॉपवर. काल आयुधपूजा. आमच्या घरात तिला खंडेनवमी म्हणतात. पोरीने आपणहून लॅपटॉप आणून पाटावर ठेवला, कुंकू लावलं, शेवंतीचं फूल ठेवलं. आणि तासाभराने माझ्यासमोर येऊन उभी. “अज्जा, मॅनेजर म्हणतोय दोन तास तरी लॉगिन कर. काय करू?”

“मला कशाला विचारतेस? पाटावर बसलाय तो. उठवायची छाती असेल तर उठव.”

“तुमचं काय जातंय? तुम्ही रिटायर.”

“माझं जे जायचं होतं ते ब्याऐंशी सालीच गेलं,” मी म्हटलं.

आतून सून म्हणाली, “मामंजी, पोरीची नोकरी घालवू नका हं.” मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. तिसरीपर्यंत कानडी शाळा, मराठी अक्षरं आईने चुलीपुढे राखेत गिरवून घेतलेली, तेव्हा चुका ज्याला मोजायच्या त्याने मोजाव्यात. माझं काम आकाशातलं होतं. तिथे शुद्धलेखन कुणी विचारत नव्हतं.

तर ते काम.

टेलिफोनचे मोठे टॉवर तुम्ही पाहिले असतील. वर गोल तबकड्या, एका गावची तबकडी दुसऱ्या गावच्या तबकडीकडे तोंड करून बसलेली. खाली खोलीत यंत्र. यंत्रापासून तबकडीपर्यंत जी काळी जाड केबल जाते, तिला वेव्हगाइड म्हणतात. आम्ही नळी म्हणायचो. नळीच ती. आत तार नाही, काही नाही. वर रबराची काळी कातडी, आत तांब्याची पन्हळी भिंत, आणि मध्ये नुसती पोकळी, अंड्यासारखी लांबट. बोलणं त्या पोकळीतून जातं. पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. तार नाही तर जातं कशातून? मग एकदा कापलेल्या तोंडाला डोळा लावून आत बघितलं. तांब्याच्या कड्या एकामागे एक, लालसर, दूर अंधारात जाणाऱ्या. देवळाच्या गाभाऱ्यात बघितल्यासारखं वाटलं. हसू थांबलं ते थांबलंच.

ही नळी वळते, पण तिच्या मर्जीने. एका अंगाने सहज वळते, दुसऱ्या अंगाने वळवायला गेलात तर रुसते. जास्त वाकवली, कुठे ठोकर लागली, आत पोचा बसला, की कामातून गेली. कप्पीवरून ती वर ओढताना आम्ही तिच्याशी बोलायचो, खोटं नाही सांगत. हळू गं, हळू, आलंच. वर पोचली की तोंड सरळ कापायचं, बारीक दाताच्या करवतीने. मग कानस. मग आतला तांब्याचा कीस कणन्‌कण काढायचा, नळीचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत न जाता खाली पडतो. मग तोंड फुलवायचं एक हत्यार असतं, ते फिरवून तांब्याची कड बाहेर उमलवायची, त्यावर जोड बसवायचा, रबराचं कडं, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्यायचे, लहान मुलाच्या झबल्याच्या नाड्या बांधाव्यात तसे. शेवटी खालून कोरडी हवा भरायची आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडा येतो का. बुडबुडा आला तर तुमची इज्जत गेली. कारण हवा बाहेर जाते तिथून ओल आत येते, आणि ओल आली की आतलं बोलणं बुडालं.

मला हे सगळं शिकवलं गुरुमूर्ती सारांनी. सार म्हणजे सर, आमच्या ठेकेदार कंपनीचे इंजिनियर. माझ्याहून लहान, चष्मा, शर्टाच्या खिशात कायम पेन. माणूस हुशार, आणि वर चढणारा. खालून ओरडणारे इंजिनियर मी पुष्कळ पाहिले. हे पट्टा बांधून माझ्या शेजारी लटकायचे. म्हणून त्यांच्याशी जे झालं ते जास्त लागलं. दोघांनाही.

आणि मला वर चढायचं एवढं काय अप्रूप, तेही सांगतो. माझा पणजोबा राजाच्या घोडदळात होता. घोड्यावर बसून तो या गावात आला. माझा बाप त्याच गावात टांगा चालवायचा. घोडा पुढे आणि आम्ही मागे, अशी आमची पायरी उतरली. मी मोठा होईतो घोडाही गेला, मी पायी. तर जयलक्ष्मीपुरमच्या पलीकडच्या माळावर तो टॉवर उभा राहिला, आणि मी पहिल्यांदा त्याच्या टोकावर गेलो, तेव्हा मला चामुंडीची टेकडी समोरासमोर दिसली, राजवाड्याचे घुमट खाली दिसले, आणि दूर सरगूर गावाच्या बाजूला निळसर धुकट रान. मी म्हटलं, पणजोबा, आता बोला. घोडा केवढा होता तुमचा?

पणजोबाची तलवार आमच्याकडे होती. खंडेनवमीला ती पाटावर ठेवायची, तेल लावायचं, कुंकू, शेवंती, पुढे चुरमुरे-डाळं. वाटणीत ती काकांकडे गेली आणि काकांनी ती जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. आमच्याकडे राहिला तो पाट. त्याच्यावर गंजाची एक लांब तपकिरी रेघ, तलवार ठेवून ठेवून पडलेली. तलवार गेली त्या वर्षी नवमीला आईने विळी आणि बापाने टांग्याचा चाबूक पाटाच्या शेजारी ठेवला, जमिनीवर. पाट मोकळा. बाप म्हणाला, तिथे ठेवण्याजोगं काही या घरात नाही. मी लहान होतो, पण ते वाक्य मला अंगावर उठलेल्या वळासारखं आठवतं.

मला टॉवरचं काम लागलं, करवत, कानस, पाने आणि ते तोंड फुलवायचं हत्यार माझ्या ताब्यात आलं. टॉवरखालची खोली गळकी, म्हणून ती पेटी मी घरीच ठेवायचो. पहिल्या खंडेनवमीला बापाने स्वतः एकेक हत्यार पुसून त्या रेघेवर ठेवलं. पुढच्या वर्षी तो नव्हता.

आता तुम्हाला कळलं असेल, ब्याऐंशी साली मी का हललो नाही.

त्या साली म्हैसूर-सरगूर जोडायचं होतं. सरगूरला एकच लाइन, पावसात तीही मेलेली. तिकडचा माणूस दवाखान्यात पडला तर निरोप बसच्या कंडक्टरबरोबर यायचा. विजयादशमीला दुपारी मंत्री म्हैसुरातून सरगूरशी बोलणार असं ठरलं. आणि तबकडीची लॉरी वाटेत अडकून आली अष्टमीला. आम्ही तबकडी चढवली, नळी ओढून वर नेली, आणि पाऊस धो-धो. नळीच्या तोंडावर झाकण घट्ट बसवून, वरून पट्टी गुंडाळून आम्ही उतरलो. मी पेटी घेऊन घरी. नवमीला सकाळी पूजा झाली. आमच्यात पूजेला लागलेलं हत्यार दशमीच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत. हलवत नाहीत म्हणजे नाहीत. त्याला फाटे नाहीत.

सारांची जीप आली तेव्हा मी ओसरीवर चुरमुरे खात बसलो होतो. जीपला झेंडूची माळ, काचेवर गंधाची बोटं, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल अजून चिकटलेली.

“चल,” सार म्हणाले. “आकाश उघडलंय. आत्ता जोडून टाकू.”

“उद्या सकाळी जोडतो सार. हत्यारं पूजेला आहेत.”

“उद्या दुपारी मंत्री बोलणार आहेत! जोड बसवायचा, हवा भरायची, तबकडी सरगूरकडे नेमकी वळवायची, एवढं सगळं सकाळीच होईल?”

“होईल.”

“आणि रात्रीत झाकणातून ओल गेली तर?”

“झाकण मी बसवलंय. त्यातून मुंगी जायची नाही.”

“अय्यो, मुंगीचा प्रश्न नाही रे!” ते ओरडले. बरोबरच होतं त्यांचं. ओलीला मुंगीएवढीही वाट लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण मी तोंडातून शब्द काढला होता.

“ती हत्यारं कंपनीची आहेत,” ते म्हणाले.

“होय की. तीनशे चौसष्ट दिवस कंपनीची. आज पाटाची.”

ते गेले. जाताना सांगून गेले की बंगळूरहून दुसरा माणूस बोलावतो. मला वाटलं, धमकी. पण दुपारी जीप पुन्हा आली आणि तीतून अंथोनी उतरला. बंगळूरचा, आमच्याच धंद्यातला, आडदांड गडी. रिकाम्या हाताने.

“तुझी पेटी कुठे?” मी विचारलं.

अंथोनी डोकं खाजवत म्हणाला, “वर्कशॉपात पूजेला लावलीय, महाराज. सार फोनवर बोलले, इथे हत्यारं आहेत, नुसता ये.”

“तू तर चर्चला जातोस.”

“चर्चला मी जातो. हत्यारं वर्कशॉपच्या पूजेला जातात. ती ज्याची त्याची सोय.”

मी हसलो, अंथोनी हसला. सार हसले नाहीत. ते मला म्हणाले, “पेटी कुठाय दाखव.” अंथोनी चपला काढून आत गेला, पाटासमोर उभा राहिला, हात जोडले, आणि मागे सरून भिंतीला टेकला. “सार, मी चढतो, जोडतो, सगळं करतो. पण इथून ती मी काढणार नाही. हे आपल्याच्याने व्हायचं नाही.”

मग सार स्वतः पुढे झाले. पाटाशेजारी माझी आई बसली होती, समईत तेल घालत. तिने वर बघितलं. कानडीत म्हणाली, पण मी मराठीत सांगतो, “घ्या की सार. कोण नको म्हणतंय? तुमची वस्तू, तुम्ही मालक.” सार वाकले. आणि आई तितक्याच साधेपणाने म्हणाली, “तुमचं पेन कुठे आज? रोज खिशात असतं.”

त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. पेन घरी होतं. सकाळीच त्यांच्या आईने ते देव्हाऱ्यापुढे ठेवलेलं असणार, कुंकू लावून. म्हैसुरातल्या कुठल्या आईने ठेवलं नव्हतं?

मला वाटलं, आता हा माणूस विरघळेल, खाली बसेल, चुरमुरे खाईल. नाही. त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी भर रस्त्यात त्यांचं धोतर ओढलं. ते ताठ उभे राहिले आणि मला म्हणाले, “उद्यापासून तू टॉवरवर चढायचं नाहीस. सकाळी हत्यारं गेटवर आणून दे. अंथोनी जोडेल.” आणि चपला घालून निघून गेले. आईला मात्र जाताना हात जोडून गेले.

त्या दिवशीच्या उरलेल्या वेळेचं काय सांगू? बन्नीमंटपावर दुसऱ्या दिवशीच्या मशालींच्या कवायतीची तयारी चालली होती, पोरं ओरडत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. मी पाटाकडे बघत बसलो. त्या हत्यारांशिवाय मी कोण? टांगेवाल्याचा पायी चालणारा मुलगा. उद्या मी ती गेटवर देऊन आलो तर पाट पुन्हा मोकळा. आणि आज हात लावू दिला असता तर? तरीही मोकळाच. वस्तू असत्या, पण नुसत्या वस्तू. मी दोन्हीकडून बघितलं. नोकरी वाचवायची वाट होती, साधी होती, सारांच्या घरी जाऊन मान खाली घालायची. आई म्हणाली, “जाऊन ये हवं तर. मी काही म्हणणार नाही.” मी म्हटलं, “तू पेनचं विचारलंस ते?” ती म्हणाली, “ते मी सहज विचारलं.” माझी आई काहीही सहज विचारत नसे.

लोक मला आडमुठा म्हणतात. म्हणोत. वर्षभर हत्याराला आपण राबवतो, ठोकतो, शिव्या देतो, पावसात भिजवतो. एक दिवस ते बसणार आणि आपण उभे राहणार. त्या दिवशी त्याला साहेब नाही, मंत्री नाही, घाई नाही. हा एक दिवस जो मोडतो त्याचे उरलेले दिवस कुणीही मोडतं. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. मोकळ्या पाटाने शिकवलं. सारांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. सरगूरच्या माणसाला फोन हवाच होता. ओल जाऊ शकलीच असती. गेली असती तर काय, हा प्रश्न मला आजही पडतो, आणि आजही मी तो बाजूला सारतो. कुणी म्हणेल, हे बरोबर नाही. नसेल.

त्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. मंत्री बोलले. सरगूरहून कुणीतरी “हलो, हलो” म्हणालं आणि मांडवात टाळ्या पडल्या. आणि मला स्टोअरमध्ये बसवलं, रबराची कडी आणि बोल्ट मोजायला. निरोप आला की सारांकडे जाऊन एवढंच म्हण, चुकलं. मी म्हटलं नाही. पुढचा अख्खा पावसाळा मी खाली बसून टॉवरकडे मान वर करून बघत काढला. मग अंथोनी नोकरीला आखातात गेला आणि वर चढायला कुणी उरलं नाही, तेव्हा एका सकाळी सार स्वतः स्टोअरच्या दारात आले. “पट्टा बांध,” म्हणाले. मी बांधला. माफी त्यांनी मागितली नाही, मी मागितली नाही. पुढे पुष्कळ वर्षं आम्ही शेजारी शेजारी लटकलो. मात्र नवमीला त्यांनी कधी जीप पाठवली नाही.

आता त्या नळ्या उतरल्या. जमिनीखालून काचेच्या तारा गेल्या, म्हणे त्यातून उजेड धावतो. धावू दे. माझी पेटी कंपनीने परत घेतली, ते बरोबरच होतं. एक जुना पाना तेवढा माझा स्वतःचा होता, तो राहिला. काल पाटावर, त्या गंजाच्या रेघेवर, पाना होता आणि शेजारी सुप्रियाचा लॅपटॉप. ती त्याला उठवते की नाही हे मी बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. ते तिचं तिने ठरवायचं. माझ्या वेळी मी काय केलं एवढंच मी तिला सांगू शकतो.

तर ब्याऐंशीच्या त्या दशमीच्या सकाळी आईने उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला. मी दहीभात खाल्ला, हत्यारं पेटीत भरली, कुंकवासकट, आणि टॉवरवर गेलो. ऊन असं लखलखीत की माळावरच्या गवतावरचे थेंब डोळ्यांना टोचत होते. गेटवर सार उभे होते, शेजारी अंथोनी. सारांनी हात पुढे केला. “हत्यारं दे आणि घरी जा.”

मी पेटी खांद्याला अडकवली, पट्टा बांधला, आणि शिडीला हात घातला. “हत्यारं हवी असतील तर वर या, सार.”

मागे वळून बघितलं नाही. अंथोनीचं हसू तेवढं खालून ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने शिडी हलायला लागली. कोणीतरी मागून चढत होतं. मी टोकावर पोचलो, चामुंडीला नमस्कार केला, नळीची पट्टी सोडवली, झाकण काढून आत बोट फिरवलं. बोट कोरडं. मग तोंड फुलवायचं हत्यार हातात घेतलं. त्याच्यावर कालचं कुंकू होतं, आणि नळीत तर कणसुद्धा जाता कामा नये. ते मी अंगठ्याने स्वच्छ पुसून काढलं, अंगठा कपाळाला लावला, आणि कापायला करवत उचलली.